चौतीस टाके

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो, आणि मला तळ नाही. पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसांची असते ती सॅक. तिला तळच नसेल तर ती कशाच्याच कामाची नाही. वरून घातलेलं सगळं खालून बाहेर पडणार. शिवाय मी एकटीही नाही. माझ्या तोंडाला दुसऱ्या एका सॅकचं तोंड शिवलेलं आहे. हातानं, जाड काळ्या दोऱ्यानं, चौतीस टाक्यांनी. अशा आम्ही दोघी गेले नऊ महिने एका खिळ्याला लोंबकळत आहोत. कारखान्यात येणारी माणसं आमच्याकडे बघून हसतात आणि विचारतात, "हे काय नवीन काढलंय?" आमची मालकीण केर काढू लागते.

तिच्याबद्दल आणि तिच्या धाकट्या भावाबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे. नऊ महिन्यांपूर्वी ही दोघं एकमेकांना फार लागेल असं एकेक वाक्य बोलली. ते परत घ्यावं असं दोघांच्याही मनात आहे. दोघांनीही तसं मला येऊन सांगितलं. एकमेकांना सांगितलं नाही. आणि मला बोलता येत नाही. आज आमची शिवण उसवायची ठरली आहे. शिवण सुटली की भाऊ आपली सॅक घेऊन जाईल, बहीण कारखान्याला कुलूप लावेल, आणि मग एकमेकांच्या दारात यायला त्यांना काही कारणच उरणार नाही. म्हणून मी जरा घाईत आहे.

माझा जन्म याच कारखान्यात झाला. कारखाना हे उगाच मोठं नाव. गल्लीतल्या एका घराच्या तळमजल्यावरची ही लांबट खोली. एका भिंतीला कापडाचे तागे उभे, मधोमध कापायचं टेबल, खिडकीपाशी पायाचं मशीन, आणि कितीही झाडलं तरी जमिनीवर दोऱ्याचे तुकडे. आमच्या मालकिणीला सगळी गल्ली ताई म्हणते, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. आधी ती ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायची. जड कापड ओढून ओढून तिचे खांदे भरून आले, आणि तिनं ठरवलं की यापुढे जे शिवायचं ते उचलताना माणसाला त्रास होता कामा नये. तेव्हापासून ती डोंगरात चालणाऱ्यांसाठी सॅक शिवू लागली.

तिच्या भावाचं गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. तो इतका काटेकोर की त्याच्या ओळखीचे सगळे त्याला मिलिग्रॅम म्हणतात. ताई मात्र त्याला अजून बाळ्या म्हणते. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, चष्मा लावणारा हा बाळ्या गिऱ्हाइकांसमोर तशी हाक ऐकून अवघडून जायचा. त्यानंच आपल्या दुकानातला जुना तराजू ताईला आणून दिला होता. एकाच राखाडी ताग्यातून एकाच दुपारी ताईनं दोन सॅक बेतल्या, एक स्वतःसाठी आणि एक त्याच्यासाठी. स्वतःची ती मी. त्याची ती माझी बहीण. जन्मल्याबरोबर बाळाचं वजन करतात तसं आमचंही झालं. मिलिग्रॅमनं काटा बघितला आणि म्हणाला, "ताई, तुझी चार ग्रॅम जास्त भरली."

"माझी आहे ना? मग असू दे," ताई म्हणाली. पण संध्याकाळी तिनं माझ्या खांद्यावरचं लेबल ब्लेडनं काढून टाकलंच.

तिथून माझं हलकं होणं सुरू झालं. दर वर्षी आम्ही चौघं, म्हणजे ती दोघं आणि आम्ही दोघी, एका उंच खिंडीतून पलीकडे जायचो. तीन दिवसांची वाट. आणि दर वर्षी निघण्यापूर्वी माझं काहीतरी कमी व्हायचं. आधी बाजूचे खिसे गेले. मग कमरेचा जाड पट्टा गेला. मग माझ्या तोंडाला जी हातभर उंच झालर होती, जास्तीचं सामान आलं तर वर ओढून बांधायची, तीही गेली. "जास्तीचं सामान नेतो कोण?" असं म्हणून ताईनं आम्हा दोघींच्या झालरी एकाच बैठकीत कापल्या. मला वाईट वाटलं नाही. उलट मी जितकी कमी होत गेले तितकी नावाजली गेले. नवीन गिऱ्हाईक आलं की ताई मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात द्यायची आणि त्याचा चेहरा बघत उभी राहायची.

गिऱ्हाइकांचीही गंमत असायची. कपाटाएवढी सॅक पाठीवर घेऊन एक जोडपं आलं होतं. ताईनं त्यांना सगळं सामान टेबलावर मांडायला लावलं आणि एकेक वस्तू उचलून विचारत सुटली, "हे कशाला?"

"लागलं तर," नवरा म्हणाला.

"आणि हे?"

"ते पण... लागलं तर."

"लागलं तर नावाची वस्तू सगळ्यांत जड असते हो," ताई म्हणाली. मग तिनं त्यांना शिकवलं. सामानाचे तीन ढीग करायचे. पहिला 'हवंच' म्हणून, दुसरा 'असलं तर बरं' म्हणून, तिसरा 'उगाच' म्हणून. तिसरा ढीग घरी ठेवायचा. दुसऱ्या ढिगाकडे रात्रभर बघायचं नाही आणि सकाळी त्यातलं निम्मं परत ठेवायचं. पहिल्या ढिगाला मात्र हात लावायचा नाही. दोन माणसं असतील तर एकच चूल, एकच पातेलं, एकच तंबू, आणि कोणाकडे काय आहे ते दोघांनाही पाठ पाहिजे. "हलकं म्हणजे कमी नाही," ती सांगायची. "हलकं म्हणजे नेमकं." हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की ते मला झोपेतही ऐकू यायचं. अर्थात सॅकला झोप कुठली, पण तुम्हाला कळलं असेल.

मिलिग्रॅमला हे सगळं पटायचं, फक्त एक सोडून. वर्षातून एक उगाच वस्तू त्याला न्यावीशी वाटायचीच. कधी जाडजूड पुस्तक, कधी छोटी उशी, एकदा तर पेपरमिंटचा अख्खा डबा. ती वस्तू तो एका पिवळ्या पिशवीत घालून आपल्या सॅकच्या तळाशी दडवायचा. निघण्याआधी ताई हात घालून ती काढायची आणि मशीनखाली ठेवून द्यायची. पिशवी उघडून मात्र ती कधीच बघायची नाही. एकदा शेजारच्या इस्त्रीवाल्या काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "आत काय आहे ते बघितलं तर मला त्याची दया येईल, आणि मग ते डोंगरावर येईल." परत आल्यावर मिलिग्रॅमला पिवळी पिशवी मशीनखाली सापडायची आणि तो हरल्याचं नाटक करायचा. हा त्यांचा खेळ होता. वीस वर्षं चालला होता. त्या खेळात काही वाईट होईल असं कोणाच्या मनातही आलं नसतं. माझ्याही आलं नाही.

मित्रांनो, आता मी त्या दुपारकडे येते.

त्या वर्षी ताईचा डावा गुडघा दुखत होता. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पण गुडघ्याच्या गोळ्या ती भावाच्याच दुकानातून आणायची, त्याला कळायचं राहील कसं? दुपारी दोघांनी सामान मांडलं, तोललं, भरलं. त्यातच ताईला पिवळी पिशवी सापडली. "यंदाचा चोर लवकर सापडला बाई!" असं म्हणत तिनं आतलं पुस्तक न बघताच टेबलाखाली ओतलं आणि रिकामी पिशवी भावाच्या अंगावर फेकली. दोघं हसली. खेळ संपला.

मग ताई किल्ली द्यायला शेजारी काकूंकडे गेली. ती गेल्याबरोबर मिलिग्रॅम माझ्यापाशी येऊन बसला. त्यानं मला उघडलं. तंबू माझ्यात होता, किलोभराचा, लांबट पिशवीत काठ्यांसकट गुंडाळलेला. त्यानं काठ्या तशाच ठेवल्या आणि कापड तेवढं बाहेर ओढलं. माझी गोलाई बिघडू नये म्हणून पिशवीत काठ्यांभोवती ताईचे मोजे आणि टॉवेल कोंबला. कापड कशात घालावं म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. हाताशी पिवळी पिशवी होती. खेळ तर संपलेला होता. त्यानं कापड तिच्यात भरलं आणि पिशवी आपल्या सॅकच्या तळाशी ठेवली. "तेवढंच ओझं कमी, ताई," तो स्वतःशीच म्हणाला. मला खूप बरं वाटलं. असा भाऊ सगळ्यांना मिळावा असंही मनात आलं.

तो दुकान बंद करायला गेला आणि ताई परत आली. तिनं खोलीभर नजर फिरवली. रिकामी पिशवी कुठे दिसेना. दोन वर्षांपूर्वी पकडल्यावरही त्यानं पुन्हा उशी दडवली होती, हे तिच्या लक्षात होतं. तिनं माझ्या बहिणीच्या पोटात हात घातला आणि पिवळी पिशवी ओढून काढली. "पुन्हा! या माणसाला काही लाज?" ती हसत होती. तिनं पिशवी दाबून बघितली. मऊ लागली. "उशीच आहे," ती म्हणाली.

उघड, ताई. एकदाच उघड. मी किती जिवाच्या आकांतानं म्हटलं असेल! माझ्या बहिणीनंही म्हटलं असेल. पण आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो, मुक्या. ताईनं पिशवी मशीनखाली ठेवली, हात झटकले आणि दिवा बंद करून वर राहत्या खोलीत निघून गेली.

पहाटे निघालो. ताईनं मला पाठीवर घेतलं आणि तिचा चेहरा खुलला. "हलकी झालीस गं!" ती म्हणाली. मिलिग्रॅम चष्म्याआडून हसला. त्यानं आपली सॅक उचलली. ती तर जेवढी तोलली होती तेवढीच भरत होती, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. तंबूचं कापड जास्त घेऊनही काही जाणवत नाही म्हणून तो मनातून स्वतःवरच खूश झाला. वाटेच्या सुरुवातीला चालणाऱ्यांचा एक गट भेटला. त्यांच्यातल्या एकानं मला उचलून बघितलं आणि वा वा केली. "तीन दिवसांचं सामान एवढ्यात? आम्हाला पण शिकवा!" ताई फुलून गेली. माझी इतकी वाखाणणी आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

पाठीवर असताना मला एकच गोष्ट करता येते. खांद्यावरच्या पट्ट्याची कडी सैल सोडता येते. पहिल्या विसाव्याला मी ती सोडली, वाटलं, ताई मला खाली ठेवून उघडेल. तिनं पट्टा आवळला. दुसऱ्या विसाव्यालाही सोडली. तिनं गाठ मारून टाकली आणि आमची वाट चालू राहिली. सामान भरलं की मुक्कामापर्यंत सॅक उघडायची नाही, हा तिचाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी मुक्काम खिंडीत होता. पहिला मुक्काम वाटेतल्या एका धर्मशाळेत झाला होता, त्यामुळे तंबूची पिशवी कोणी उघडली नव्हती. चौथ्या प्रहरी आभाळ खाली आलं आणि बर्फाळ पाऊस आडवा मारू लागला. ओढा ओलांडताना मिलिग्रॅमचा पाय घसरला आणि तो कमरेपर्यंत भिजला. तरी दोघं घाबरली नाहीत. तंबू उभारू, चहा करू, कोरडे होऊ, असंच बोलत ती खिंडीतल्या एका पडक्या दगडी भिंतीशी पोचली. ताईनं मला खाली ठेवलं आणि गाठ सोडली. तिनं लांबट पिशवी काढली आणि झटकली. काठ्या पडल्या, मोजे पडले, टॉवेल पडला.

"कापड?" ताई म्हणाली.

"माझ्याकडे आहे," मिलिग्रॅम म्हणाला. त्याचे दात वाजत होते, तरी तो खुशीत होता. "तुझा गुडघा दुखतोय ना. मीच काढून घेतलं." आणि तो आपल्या सॅकच्या तळाशी चाचपू लागला. चाचपतच राहिला. मग त्यानं सॅक उलटी केली. "पिवळ्या पिशवीत होतं," तो म्हणाला.

ताईचा चेहरा मला दिसत होता. तो पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

"ती मी काढून ठेवली," ती म्हणाली.

"काढून ठेवली? ताई, तू उघडून तरी बघायचंस! वीस वर्षं फेकतेस, एकदा तरी उघडून बघायचंस!"

"आणि तुला कोणी सांगितलं होतं माझं ओझं उचलायला? कोणी सांगितलं होतं रे?"

हीच ती दोन वाक्यं. वाऱ्यामुळे दोघांना ओरडून बोलावं लागलं, म्हणून ती होती त्याहून कठोर ऐकू आली.  आणखी बोलायला वेळ नव्हता.

खाली उतरावं तर पुढचं पाऊल दिसत नव्हतं. झोपायच्या पिशव्या त्यांनी पातळ आणल्या होत्या, तंबूच्या भरवशावर. त्या थोड्याच वेळात भिजून चिंब झाल्या. आधी मिलिग्रॅम कुडकुडत होता. मग त्याचं कुडकुडणं थांबलं आणि तो काहीतरी बरळू लागला, दुकान उघडायला हवं वगैरे. ताईला समजलं, थंडी आता त्याच्या जिवावर उठली आहे. तिनं माझ्यातलं उरलेलं सामान बाहेर टाकलं. माझ्या बहिणीलाही रिकामं केलं आणि भावाचे पाय तिच्यात घातले. बहीण त्याच्या मांड्यांपर्यंत आली, पुढे पुरेना. ज्या झालरी आमच्या तोंडाला होत्या त्या असत्या तर पुरल्या असत्या. पण त्या कधीच केरात गेल्या होत्या, आणि त्या गेल्या तेव्हा मीच मिरवले होते.

मग ताईनं ब्लेड काढलं आणि माझा तळ कापला. दुखलं का, असं विचाराल तर मला आठवत नाही. मी दोन्ही बाजूंनी उघडी झाले. तिनं मला भावाच्या डोक्यावरून खाली ओढलं, माझं तोंड बहिणीच्या तोंडाला भिडवलं आणि सुई काढली. सुई-दोरा तिच्या 'हवंच' ढिगात नेहमी असायचा. हातमोजे घालून सुई धरता येईना, तेव्हा तिनं ते काढून भावाच्या हातांत घातले. आणि ती उघड्या हातांनी, त्या वाऱ्यात, आम्हा दोघींना एकमेकींना शिवू लागली. मध्ये फट राहिली तर वारा आत जाईल म्हणून एकही टाका तिनं सोडला नाही. मी तिची बोटं वीस वर्षं ओळखत होते. एकेका टाक्यागणिक ती माझ्या अंगावर जड आणि परकी होत गेली. मला ती माझ्या कापडात गुंडाळून ठेवता आली असती तर! पण मी तिच्या भावाच्या छातीभोवती होते, आणि तिला मी तिथेच हवी होते.

शिवण पुरी झाल्यावर ती त्याला मागून मिठी मारून बसली. ती रात्र मी सांगत नाही. उजाडल्यावर खिंडीतून एक खेचरवाला ओझी घेऊन आला. त्यानं दोघांना पाहिलं, एका खेचराचं ओझं खाली टाकलं आणि मिलिग्रॅमला आमच्यासकट वर बांधलं. दवाखान्यात नर्सनं त्याला सोडवायला कात्री उचलली तेव्हा ताई बाकावरून उठून आली. "कापू नका हो," ती म्हणाली. "वरून ओढून काढा." तिच्या हाताला तोवर पट्ट्या बांधलेल्या होत्या.

मिलिग्रॅम आठवड्यात हिंडूफिरू लागला. ताईच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं काढावी लागली. बाकीच्या बोटांना काय धरलंय ते नीट कळत नाही. जी बाई डोळे मिटून सुईत दोरा ओवायची तिला आता सदऱ्याचं बटण लावायला काकूंना हाक मारावी लागते.

त्यानंतर त्या दोघांत भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मिलिग्रॅम दर चार दिवसांनी तिची औषधं आणून देतो, पण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून जातो. "बरं आहे ना?" "आहे." एवढंच. एकदा ताई पट्टी बदलायला गेली होती तेव्हा तो आत आला. आमच्यासमोर उभा राहिला आणि माझ्या पट्ट्याला धरून म्हणाला, "विचारून काढलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? तिचे हात मी घालवले." मग नाक पुसून निघून गेला. त्याच संध्याकाळी ताई केर काढता काढता थांबली आणि आम्हालाच म्हणाली, "माझा गुडघा दुखतो म्हणून त्यानं केलं. आणि मी त्याला विचारते, कोणी सांगितलं होतं. कोण सांगणार? भाऊ आहे माझा." दोघांमध्ये फक्त तीन तासांचं अंतर होतं, मित्रांनो. मी तीच, खिळा तोच. पण मला त्याचं तिला सांगता आलं नाही आणि तिचं त्याला सांगता आलं नाही. तिला वाटतं तो रागावलाय. त्याला वाटतं ती आपलं तोंड बघू इच्छित नाही. माझ्यासारखीच्या पोटात आजवर काय काय ठेवलं गेलं, पण ही दोन वाक्यं मला सगळ्यांत जड झाली आहेत.

आता ताईनं कारखाना बंद करायचं ठरवलं आहे. तागे गेले, मशीन परवा गेलं. सकाळी तिनं काकूंकडून भावाला निरोप पाठवला, "तुझी सॅक इथे आहे, घेऊन जा." आणि तो मघाशी आला.

त्यानं आम्हाला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि कात्री घेतली. कात्रीनं दोन मिनिटांचं काम होतं.

"कात्री नको," ताई म्हणाली. "कापड दुखावेल. टाका टाका उसव."

आता ती दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली आहेत आणि मी मध्ये आहे. त्यानं ब्लेडचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. पहिले टाके ताईचे नेहमीचे आहेत, जवळजवळ, सारखे, एका रेषेत. ते त्यानं भराभर उसवले. दहाव्यानंतर टाके लांबू लागतात. पंधराव्याला रेष सुटते. विसाव्यापाशी एके ठिकाणी सुई तीनदा घातलेली आहे, कारण भोक सापडत नव्हतं. पंचवीसच्या पुढे तर लहान मुलीनं पहिल्यांदा सुई धरावी तसे टाके आहेत, कुठून कुठेही गेलेले, आणि बाजूच्या राखाडी कापडावर तपकिरी डाग. शिवत होती तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. हे त्यानं आज पहिल्यांदाच पाहिलं.

एकोणतिसाव्या टाक्यावर त्याचा हात थांबला.

"काय झालं? उसव ना," ताई म्हणाली.

"हे..." त्यानं चष्मा काढला. "इथे तुला हात कळत नव्हता ना ताई?"

ताईनं त्या टाक्यावरून अंगठा फिरवला. "हात नव्हता कळत," ती म्हणाली. "तुझा श्वास कळत होता."

तो मान खाली घालून बसला आहे. ब्लेड त्याच्या हातात तसंच आहे. दोघंही माझ्याकडे बघत आहेत, पण ती दोन वाक्यं अजून कोणी परत घेतलेली नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी डोंगरावर जाल. सामान हलकं घ्या, नेमकं घ्या. आपल्या माणसाचं ओझं जड झालेलं दिसलं तर जरूर घ्या, पण त्याला सांगून घ्या. त्याच्या सॅकमधून काही काढावंसं वाटलं तर उघडून बघा आणि विचारा. आणि रागाच्या भरात काही बोलून गेलात तर ते परत घ्यायला माझ्यासारख्या मुक्या वस्तूकडे जाऊ नका. त्या माणसाकडेच जा. तुम्हाला बोलता येतं. मला नुसतं धरून ठेवता येतं.

सहा टाके उरले आहेत. मी ते होईल तेवढे घट्ट धरून आहे.